पर्यटन महोत्सवावर महापालिकेनं पैसे घालावेत का? सोलापूरच्या करदात्याला त्यातनं नेमकं काय मिळतं?

जुळे_सोलापूरकर:

नमस्कार मंडळी. विमानतळ चालू झाल्यापासनं आपल्या गावात एक विषय जोरात आलाय. 2025 च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, मग मुंबईचं झालं, वंदे भारत तर 2023 पासनं आहेच. त्यामुळं जो भेटेल तो म्हणतोय की आता सोलापुरात एक मोठा पर्यटन महोत्सव झाला पाहिजे, किल्ल्यापाशी लाईट शो, होम मैदानावर मोठ्या गायकाचा कार्यक्रम, ड्रोन, मॅरेथॉन, खाऊगल्ली, सगळं. आणि पैसे कोण देणार विचारलं की उत्तर तयार, महापालिका देईल की, नाहीतर शासन देईल.

मला विरोध करायचाय असं नाही, खरंच समजून घ्यायचंय. घरपट्टी पाणीपट्टी आम्ही वेळेत भरतो, उजनी धरण भरलेलं असलं तरी गावात पाणी येतंय चार-पाच दिवसाआड, आमच्या सोसायटीत तर पाण्याच्या दिवशी माणसं सुट्टी टाकतात. अशा गावात तीन दिवसाच्या कार्यक्रमाला समजा दोन कोटी घातले तर ते परत कसे येतात? "बाहेरनं लोक येतील, हॉटेलं भरतील, पर्यायानं कर वाढेल" असं सगळे म्हणतात, पण हे पर्यायानं म्हणजे नेमकं कुठनं कुठं? कुणी हिशोबातलं असेल, हॉटेल लाईनमधलं असेल तर सांगा. दुसऱ्या शहरात असलं काही जवळनं बघितलं असेल तर तेही लिहा. पक्षाचं राजकारण मात्र नको, विषय भरकटतो.

स्टेशनरोड_लॉजवाला:

मालक, मी लॉज चालवतो त्यामुळं माझं मत महोत्सवाच्या बाजूनं आहे हे आधीच सांगतो. पण कारण ऐका.

आमच्याकडं गिऱ्हाईक कसं येतं बघा. पहाटे रेल्वेनं उतरतं, चार जणांचं कुटुंब, हातात पिशव्या, पहिला प्रश्न "गरम पाणी आहे का आणि चार तासाची रूम देता का". अंघोळी करतात, नाष्टा करतात, खाली गाडीवाल्याशी भाव ठरवतात आणि अक्कलकोट. तिथनं तुळजापूर. कुणाला पंढरपूर करायचं असतं. संध्याकाळी आले तर सामान उचलायला येतात आणि रात्रीची गाडी पकडतात. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, तिन्ही आपल्यापासनं तास-दीड तासाच्या अंतरावर, एवढं माणूस महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या गावातनं जात नसेल आणि आपल्या गावाला त्यातनं मिळतं काय, तर एक अंघोळ आणि एक प्लेट पोहे. रात्री थांबत नाही कुणी. काऊंटरवर मी विचारतो, साहेब एक दिवस थांबा की, किल्ला बघा, सिद्धेश्वराचं दर्शन घ्या, तळ्याच्या मधी देऊळ आहे असं कुठं बघायला मिळणार, तर म्हणतात हे आहे हे आम्हाला माहितीच नाही.

माहिती नाही, हीच अडचण आहे. आणि माहिती व्हायला काहीतरी मोठं करावं लागतं. कच्छच्या रणात काय होतं? 2005 च्या सुमाराला गुजरात सरकारनं रण उत्सव सुरू केला, पहिल्यांदा थोड्या दिवसांचा, आता थंडीचे कित्येक महिने चालतो, तंबू लागतात, तिथल्या कारागिराचा माल जाग्यावर विकला जातो. पहिल्या वर्षी हिशोब मांडला असता तर तोटाच दिसला असता. पैसे घातल्याशिवाय पैसे येत नाहीत हे धंदेवाल्याला कळतं, ऑफिसातल्या माणसाला कळायला वेळ लागतो, राग मानू नका.

हिशोबनीस:

लॉजवाले अण्णांचं म्हणणं पटण्यासारखं आहे, रात्रीचा मुक्काम हा मुद्दा तर एकदम बरोबर. पण मूळ प्रश्न करदात्याचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, मी आयुष्यभर स्थानिक संस्थांच्या लेख्यातच काम केलंय.

पहिलं म्हणजे महापालिकेला उत्पन्न कशातनं मिळतं ते बघा. पूर्वी जकात होती. तेव्हा गावात माल जास्त आला की पालिकेच्या तिजोरीत थेट पैसे पडायचे, म्हणजे गावातली उलाढाल आणि पालिकेचं उत्पन्न यांचा संबंध होता. मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, ती 2015 च्या ऑगस्टपासनं 50 कोटीच्या आतल्या व्यापाऱ्यांना माफ झाली, आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर सगळंच गेलं. त्याच्या बदल्यात राज्य सरकार पालिकांना दर महिन्याला भरपाईचं अनुदान देतं. आता हे अनुदान कसं ठरतं हे बहुतेकांना माहिती नसतं. 2016-17 चं उत्पन्न पाया धरायचं आणि त्यावर दरवर्षी 8 टक्के चक्रवाढ. बस. गावात पर्यटक आले की नाही आले, हॉटेलं भरली की रिकामी राहिली, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला गर्दी झाली की नाही, याचा त्या आकड्याशी काडीचा संबंध नाही.

आता अण्णांच्याच लॉजचं उदाहरण घेऊ. 2000 रुपयाची रूम एक रात्र गेली. सप्टेंबर 2025 पासनं त्यावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 100 रुपये. त्यातले 50 केंद्राला, 50 राज्याला. महापालिकेला शून्य. गिऱ्हाईक बाहेर जेवलं, त्यावर परत 5 टक्के, परत पालिकेला शून्य. लॉजची घरपट्टी रूम भरली तरी तेवढीच आणि मोकळी राहिली तरी तेवढीच. व्यवसाय कर राज्याला जातो. भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याकडं, त्याच्या तिकिटाचे पैसे दिल्लीला.

जुळेकर साहेबांनी दोन कोटी धरलेत, आपणपण तेच धरू आणि चांगल्यात चांगलं होईल असं समजू. महोत्सवासाठी म्हणून 5000 खोल्या जादा गेल्या, प्रत्येकी 2000. उलाढाल एक कोटी. त्यावर जीएसटी पाच लाख, अडीच मुंबईला, अडीच दिल्लीला. महापालिकेच्या हातात जागाभाडं, पार्किंग आणि जाहिरात फलकांचे पैसे तेवढे येणार. म्हणजे खर्च करणारा खिसा एक आणि जमा होणारे खिसे तीन, लॉजवाल्याचा, राज्याचा आणि केंद्राचा, त्यात पहिला कुठंच नाही. "पर्यायानं कर वाढेल" हे खोटं नाही, कर वाढतो, फक्त आपल्या पालिकेचा वाढत नाही.

दुसरी गोष्ट, गर्दी म्हणजे पर्यटक नव्हे. होम मैदानावर एक लाख माणूस जमला तरी त्यातला नव्वद टक्क्याच्या वर अक्कलकोट रोड, विजापूर रोड, बाळे, होटगी इथलाच असणार. त्यानं तिथं 200 रुपयाचं खाल्लं तर त्या आठवड्यात पार्क चौपाटीवर खाल्लं नाही एवढंच. गावातला पैसा गावातच फिरला. बाहेरनं किती आला हे मोजायला हवं आणि तेच कुणी मोजत नाही, कार्यक्रम झाला की पेपरात "लाखोंची उपस्थिती" छापून येतं आणि विषय संपतो.

तिसरं, कायद्यानं बघितलं तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 मध्ये कलम 63 ला पालिकेनं करायलाच पाहिजेत अशी कामं आहेत, पाणी, गटार, रस्ते, दिवाबत्ती, दवाखाने. कलम 66 मध्ये ऐच्छिक कामं आहेत. महोत्सव ऐच्छिकमध्ये येतो. 63 मधलं पाणी रोज येत नसताना 66 वर हात सैल सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. राज्याच्या पर्यटन विभागानं त्यांच्या पैशातनं घ्यावा, 2025 च्या मे महिन्यात महाबळेश्वरला घेतला तसा, जीएसटीचा वाटा शेवटी त्यांनाच जातोय.

साखरपेठेतली_अक्का:

हिशोबनीस काकांनी खूप समजून सांगितलं, धन्यवाद.

मी हैदराबादचं सांगते. आम्ही पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातले, अर्धे नातेवाईक तिकडंच. 11 फेब्रुवारी 2023 ला तिथं इलेक्ट्रिक गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत झाली होती, हुसेनसागरच्या कडेनं 2.8 किलोमीटरचा ट्रॅक केलेला. माझी मामेबहीण खैरताबादला राहते, तिच्या घरापासनं जवळच. आधीपासनं रस्ते बंद, तिला ऑफिसला जायला वळसा घालून दीड तास लागायचा. टीव्हीवर एकदम झकास दिसलं ते खरं आहे, देशात पहिल्यांदाच असली शर्यत होत होती, आम्हीपण कौतुकानं बघितली. तेव्हाच्या सरकारनं सांगितलं की शहराला 700 कोटीच्या आसपास फायदा झाला.

पुढं काय झालं? डिसेंबर 2023 मध्ये सरकार बदललं, फेब्रुवारी 2024 ची दुसरी शर्यत जानेवारीतच रद्द झाली, आणि तिथल्या विकास प्राधिकरणानं सुमारे 55 कोटी रुपये मंजुरी न घेताच आयोजकांना दिले असा आरोप होऊन डिसेंबर 2024 मध्ये एसीबीनं (लाचलुचपत प्रतिबंधक खात्यानं) गुन्हा दाखल केला. ज्यांच्यावर आरोप आहे ते नाकारतात, कोण खरं ते कोर्ट ठरवेल. मला म्हणायचंय ते वेगळं आहे. ट्रॅकसाठी रस्ता करायला, बॅरिकेड लावायला खर्च केला तो चार वर्षं शर्यत होणार म्हणून, आणि झाली एकच. लॉजवाले अण्णा म्हणतात तसं पहिल्या वर्षी तोटा सोसून पुढं फायदा काढायचा तर पुढची वर्षं यायला पाहिजेत ना. आपल्याकडं आयुक्त बदलला की मागच्याचं सगळं बासनात जातं. 2022 पासनं जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत इथं प्रशासक होते, आता 102 नगरसेवक आलेत, पाच वर्षांनी कोण असेल कुणाला ठाऊक.

आणि दुसरं, आमच्या चादरीबद्दल. महोत्सव म्हटलं की पत्रिकेवर पहिला फोटो सोलापुरी चादरीचा. पण स्टॉल कुणाला परवडतो? माझ्या सासऱ्यांचे यंत्रमाग आहेत, एका प्रदर्शनात (सोलापुरात नव्हे) स्टॉल घ्यायचा ठरवला तर तीन दिवसाचं भाडं ऐकूनच गप्प बसले. त्या किमतीत सूत येतं. शेवटी तिथं कोण बसलं होतं, तर पानिपतचा माल "सोलापुरी" म्हणून विकणारे. हातात धरून बघितलं तर कळतं, आमच्या चादरीची किनार आणि वजनच वेगळं, पण बाहेरनं आलेल्याला कोण सांगणार? जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला माल आणि त्याच्याच नावाचा महोत्सव आणि त्यात विकला जाणार दुसऱ्याचा, असं होणार असेल तर मला असला महोत्सव नको.

स्टेशनरोड_लॉजवाला:

अक्का, चादरीचं शंभर टक्के बरोबर. जीआयचा दाखला दाखवल्याशिवाय चादरीचा स्टॉल द्यायचाच नाही असा नियम घाला, मी सही करतो.

पण हिशोबनीस साहेब, एक प्रश्न राहतोच. माझ्याकडं नऊ पोरं कामाला आहेत, ती सगळी सोलापूरची. गिऱ्हाईक वाढलं तर अजून दोन ठेवीन. रिक्षावाला, गाडीवाला, लाँड्रीवाला, दूधवाला, हे पण करदातेच आहेत, निदान भाड्याच्या घरातनं तरी. पालिकेच्या तिजोरीत आलं नाही म्हणजे गावाला मिळालं नाही असं कसं? पूर्व भागातली निम्मी पोरं पुण्याला गेली, हिंजवडीत नाहीतर चाकणला. ती इथं राहावीत म्हणून पालिकेनं काही सोसायचंच नाही का?

हिशोबनीस:

अण्णा, प्रश्न योग्य आहे. गावाला मिळतं, मी नाकारत नाही. पण मग तुलना कशाशी करायची तर त्याच दोन कोटीत दुसरं काय झालं असतं त्याच्याशी. तुमची दोन पोरं तीन दिवसासाठी लागणार की बारा महिने? तीन दिवसाची गर्दी तुम्ही आहे त्याच पोरांना जादा राबवून काढता, नवीन माणूस ठेवत नाही, कुठलाच व्यवसायवाला ठेवत नाही. माणूस तेव्हाच ठेवला जातो जेव्हा गिऱ्हाईक रोजचं असतं.

आणि मोठ्या कार्यक्रमाचा पैसा कुठं जातो तेही बघा. स्टेज, साऊंड, लाईट, ड्रोन, कलाकार, इव्हेंट कंपनी, हे सगळं मुंबई-पुण्याचं. बिलाचा मोठा भाग पहिल्याच दिवशी गावाबाहेर गेलेला असतो. आपल्या मंडपवाल्याला, केटरर्सला जे मिळतं ते उरलेल्यातनं.

सिद्धेश्वर यात्रेशी तुलना करून बघा. संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम, आणि गड्डा तर जानेवारीभर चालतो. विजयपूर, कलबुर्गीपासनं माणूस येतो. त्याला कुणी ब्रँडिंग केलं नाही. पाळणेवाले, खेळणीवाले भाडं भरून बसतात, देवस्थान व्यवस्था बघतं, पालिका रस्ते, पाणी, सफाई, दिवे एवढं करते. पालिकेनं करायचं तेवढंच असतं आणि तेवढ्यावर खर्च झालेला मला करदाता म्हणून एक रुपयासुद्धा खटकत नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस:

मी पुण्यात नोकरीला, गाव सोलापूरच. दोन गोष्टी सांगतो, एक महोत्सवाच्या बाजूची आणि एक विरुद्ध.

जानेवारी 2026 मध्ये पुण्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, पुणे ग्रँड टूर, 437 किलोमीटरचा मार्ग, मुळशी, भोर, बारामती असा सगळा जिल्हा. त्यासाठी त्या मार्गावरचे रस्ते नव्यानं केले. खर्चावरनं ओरड झाली, लोकांचे रस्ते बंद राहिले त्याचा त्रास झाला, आमच्या घराच्या आसपास पण झाला. पण सायकलवाले गेले तरी डांबर राहिलं. त्यामुळं मी तरी असा विचार करतो की कार्यक्रमासाठी केलेल्या खर्चातलं दुसऱ्या दिवशी जाग्यावर काय उरणार हे आधी विचारायचं. स्टेज उरत नाही, रस्ता उरतो, स्वच्छतागृह उरतं. अर्थात लोक म्हणतात ते पण खरं आहे की रस्ते व्हायला परदेशी सायकलवाले यायची वाट का बघायची.

दुसरी गोष्ट उजनीची. आपलंच धरण, पण फायदा वरच्या अंगाला भिगवणला होतो. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी येतात, फ्लेमिंगो. कुंभारगावला सकाळी सहाला जाऊन बघा, पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग. मच्छीमारच होडी चालवतात, जाळं टाकणाऱ्या माणसाला कुठला पक्षी कुठं बसतो हे पक्कं माहिती असतं. नंतर त्याच्याच घरी मासे आणि भाकरी. कुठला महोत्सव नाही, गायक नाही. करमाळ्याच्या बाजूला तेच पाणी, तेच पक्षी. नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, माळढोक आता दिसणं मुश्किल पण काळवीट दिसतात, गवताळ माळ बघण्यासारखा असतो, सोलापूरपासनं वीसेक किलोमीटर. तिकडं न्यायला एक चांगली मिनीबस आणि दोन शिकलेले गाईड ठेवायला किती लागतात? लॉजवाले अण्णा, तुमचं पहाटेचं गिऱ्हाईक यानं थांबेल असं मला वाटतं, कारण पक्षी पहाटेच बघायचे असतात, त्यामुळं आदल्या रात्री मुक्काम करावाच लागतो.

जुळे_सोलापूरकर:

सगळ्यांचे मनापासनं आभार, एवढं नीट कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मला जीएसटी भरपाईचं 8 टक्क्याचं माहितीच नव्हतं आणि माझ्यामते आमच्या प्रभागातल्या कुणालाच नसेल. माझं मत आता असं झालंय की पालिकेच्या स्वतःच्या पैशातनं मोठा महोत्सव नको, पर्यटन विभाग घेत असेल तर जागा, पाणी, सफाई द्यावी आणि जागाभाडं पूर्ण घ्यावं. आणि पालिकेला पर्यटनावर खर्च करायचाच असेल तर रेल्वे स्टेशन ते सिद्धेश्वर मंदिर ते किल्ला असा पायी फिरता येईल असा रस्ता, पाट्या, स्वच्छ मुताऱ्या यावर करावा. बायकापोरांना घेऊन आलेलं कुटुंब पहिल्यांदा हेच शोधतं.

हिशोबनीस साहेब, आमच्या भागातले नगरसेवक ओळखीचे आहेत. बजेटच्या सभेआधी त्यांच्या हातात काय द्यावं म्हणता?

हिशोबनीस:

एका पानाचं पत्र द्या, जास्त वाचत नाहीत. त्यात एवढंच मागा की असा कुठलाही कार्यक्रम मंजूर करताना तीन आकडे ठरावातच लिहावेत, पालिकेचा खर्च जास्तीत जास्त किती, पालिकेला थेट मिळणार किती, आणि बाहेरगावचे मुक्कामी पाहुणे किती अपेक्षित. नंतर महिन्याच्या आत प्रत्यक्ष आकडे वेबसाईटवर टाकावेत. मुक्कामाचा आकडा काढणं अवघड नाही, प्रत्येक लॉजला पाहुण्यांचं रजिस्टर ठेवावंच लागतं, फक्त कुठल्या गावचे किती एवढी बेरीज मागायची, नावं नकोत. आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी ताडून बघायचं. माहितीच्या अधिकारात कलम 4 खाली ही माहिती न मागता द्यायची असते, तेही पत्रात लिहा.

स्टेशनरोड_लॉजवाला:

रजिस्टरची बेरीज मी देतो, आमच्या लाईनमधल्या बाकीच्यांना पण सांगतो. आकडा कमी आला तरी देतो. आणि ते मिनीबसचं कुणी मनावर घेणार असेल तर नान्नजला जाणाऱ्यांची नावं आमच्या काऊंटरवर घेऊ, त्याचं कमिशन नको.

साखरपेठेतली_अक्का:

त्या पत्रात चादरीच्या स्टॉलचं पण टाका दादा. जीआयचा दाखला बघून स्टॉल, आणि स्थानिक विणकराला भाडं निम्मं. आमच्याकडच्या बायका सह्या द्यायला तयार आहेत, रविवारी कन्ना चौकात आणा कागद.